मोरीतला माइक

लोकांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, आमच्या समोरच्या दत्ताकाका पेडणेकरांच्या खिशात टेस्टर असायचा. पिवळ्या दांड्याचा, टोक झिजलेला. लग्नाकार्याला गेले तरी तो बरोबर. गंमत म्हणजे ते तो फारसा वापरायचेच नाहीत. त्यांचा खरा टेस्टर म्हणजे त्यांचा उजवा हात. फ्रिज असो, गीझर असो की जिन्यातल्या मीटरच्या पेटीचा पत्रा असो, आधी ते हाताची मागची बाजू अलगद टेकवून बघायचे आणि मगच सरळ हात लावायचे.

"तळवा लावलास ना, तर करंट मूठ आवळून टाकतो. सुटत नाही मग माणूस," ते मला समजवायचे. "मागची बाजू लावली की हात आपसूक झटकला जातो. शिकून ठेव चेडवा, कामाला येईल."

मला काही शिकायचं नव्हतं. मी जात्याच भित्री. इस्त्री करताना रबरी चपला घालते आणि मिक्सर लावताना मान दुसरीकडे करते, म्हणजे काही उडालंच तर निदान डोळे वाचतील. अशा बाईच्या नशिबी शेजारी कोण यावा, तर चालू वायरी दातांनी सोलणारा माणूस!

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी आहे, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार उघडलं की समोर त्यांचं. दत्ताकाका भांडुपच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर होते, तिथूनच रिटायर झाले. वडील गिरणीत, गाव मालवणकडचं. इलेक्ट्रिकचं कुठलंही शिक्षण नाही. जे काही होतं ते हिमतीवर. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण राग आला की किंवा फार आनंद झाला की तोंडून मालवणी निघायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि सुमतीकाकू. एका घराची किल्ली दुसऱ्या घरात, असा आमचा शेजार.

वायरीचं काम निघालं की काका काकूंना हाक मारायचे, "सुमे, पाट आण." लाकडी पाटावर अनवाणी उभं राहिलं की करंट जमिनीत उतरत नाही, हे त्यांचं शास्त्र. काकू पाट आणून आपटायच्या. "भाऊबीजेला माझा भाऊ बसतो यावर! आणि हे त्यावर उभे राहून यमाला ओवाळतायत!"

सोसायटीच्या सत्यनारायणाला एकदा मांडवाच्या खांबाला करंट उतरला. कुणाची तरी पाण्यात भिजलेली पोर त्या खांबाला टेकली आणि किंचाळली. पळापळ झाली, सगळे भिंतीला चिकटले. वॉचमन मेन स्विच पाडायला धावला, तर काकांनी त्याला अडवलं. का? तर भजन रंगात आलं होतं आणि मेन पाडला असता तर माइक बंद पडला असता! पाट आला. काका वर चढले आणि चालू लाइनमध्ये हात घालून वायर सोडवली. मी जिन्यात डोळे मिटून उभी होते. खाली उतरल्यावर म्हणाले, "करंट माणूस ओळखतो. जो भितो त्याला धरतो." एखाद्याने आपल्या पाळलेल्या कुत्र्याबद्दल बोलावं तसं. मला इतका राग आला होता की प्रसाद न घेताच वर आले.

असा हा माणूस. त्याला मी घाबरलेलं पाहिलं, आणि ते पाहणं काही सोपं नव्हतं.

सुमतीकाकूंना ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं. आधी कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या, मग दारावरची बेल. त्यांचं स्वतःचं बोलणं मात्र वाढत गेलं. काल भाजी कुठली होती आणि कुणाच्या सुनेचं काय चाललंय, हे सगळ्या बिल्डिंगला कळायला लागलं. कानाचं मशीन आणलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून काकूंनी ते डब्यात घालून ठेवलं. "त्या शिट्टीपेक्षा माझं बहिरेपण बरं," म्हणाल्या. काका हसायचे. "बरं आहे की, आता मला हवं ते बोलता येतं."

एके दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये कपडे खळबळत होते. आमची आणि त्यांची मोरी एकाच डक्टला लागून. डक्टमधून आवाज आला. आधी वाटलं कबुतर घुमतंय. मग नीट ऐकलं. "सुमे… ए सुमे…" आवाज खोल गेलेला, फरशीवरून आल्यासारखा. नळ बंद केला. पुन्हा, "सुमे…" मग नुसतंच कण्हणं.

ओल्या हातांनी किल्ली घेतली. समोरचं दार उघडलं. आत गेले तर सुमतीकाकू ओट्याशी पाठमोऱ्या बसून नारळ खवत होत्या आणि कसलंसं गाणं गुणगुणत होत्या. मोरीचं दार त्यांच्यापासून हातभर अंतरावर. त्या दारामागून त्यांचा नवरा त्यांना हाका मारत होता आणि यांची विळी खसखस चालली होती. 

दाराला आतून कडी होती. वॉचमनने खांदा लावून ते मोडलं. काका साबणावरून घसरले होते. मांडीचं हाड नशिबाने वाचलं, पण खुब्याला मार बसला होता आणि कपाळ फुटलं होतं. काकूंनी मागे वळून हे सगळं पाहिलं, तेव्हा त्यांच्या हातात नारळाची वाटी तशीच होती.

पुढे बरे झाले. पण ते पहिले दत्ताकाका राहिले नाहीत. गॅलरीत बसून एकदा मला हळूच म्हणाले, "पडलो त्याचं काही नाही गो. मी हाक मारली, तर माझी हाक माझ्याकडेच परत आली. आणि बाहेर खवणीचा आवाज. मी आत मेलो असतो तरी तिने नारळ पूर्ण केला असता." मग म्हणाले, "माका भिया वाटता गो आता."

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.  बटण दाबलं की दिवा लागेल असं काही लावा, म्हटलं. मोबाईल आत न्या, म्हटलं. त्यांनी मान हलवली. "पडलेल्या माणसाचा हात बटणापर्यंत जातो? आवाज जातो. आवाजच पोचायला हवा."

आणि मग त्यांच्या डोक्याने घेतलं ते मिक्सरचं. चटणीचा नव्हे, आवाजाचा. ऑर्केस्ट्रात असतो तसा, एका पेटीत चार-सहा माइक लागणारा. त्यांचा हिशेब असा: काकू ठार बहिऱ्या नाहीत. जाड आवाज जरा पोचतो, बारीक पोचत नाही. तेव्हा मोरीत माइक लावायचा, तो मिक्सरला जोडायचा, मिक्सर घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टिमला, आणि दोन मोठे स्पीकर स्वयंपाकघराकडे तोंड करून. मिक्सरवर प्रत्येक माइकची जाडी-बारकाई वेगळी फिरवता येते. पाण्याचा खळखळाट कमी करायचा, माणसाचा आवाज वर आणायचा. "मग कशी ऐकत नाही ते बघतो," म्हणाले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली, म्हणून मी गप्प बसले. तिथेच बोलायला हवं होतं असं वाटतं. पण काय बोलले असते?

घाटकोपरला एक लाउडस्पीकर भाड्याने देणारा धंदा बंद करत होता. काका मला बरोबर घेऊन गेले, लंगडत. दुकानात भोंगे, मोडके स्टँड, उंदरांनी खाल्लेल्या वायरी. कोपऱ्यात तो मिक्सर. दोन्ही बाजूंना लाकूड, काळे खटके आणि वर काचेआड आवाजाबरोबर हलणारे दोन काटे, पिवळ्या दिव्याचे. दुकानदार म्हणाला, "काका, आता हे शोपीस. रील बनवणारे घेऊन जातात, मागे ठेवायला." काका त्याच्याकडे असे बघत राहिले की बिचारा चहा सांगायला उठला.

नवा का नाही घेत, मी विचारलं. "नवे सगळे प्लास्टिक. बिघडला तर उघडता येत नाही, फेकावा लागतो." मग वाकून त्यांनी मिक्सरच्या जाळीला नाक लावलं आणि हुंगला, आंबा हुंगावा तसा. "जळल्याचा वास नाही. झकास आहे." त्याच्या खटक्यांखाली जुन्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, ढोलकी, पेटी, बाई. रिक्षात तो लोखंडी धोंडा आम्ही दोघांनी मांडीवर घेतला. काकांनी वाटेतच ढोलकीची पट्टी नखाने खरवडली. घरी जाऊन तिथे नवी लावली, "मोरी". दुसरीवर "हॉल". "बाई" ही मात्र तशीच ठेवली, "असू दे, सुमती आहेच की."

जोडणीचा दिवस म्हणजे सगळ्या मजल्याला शिक्षा होती. मिक्सरमागून निघालेली वायर त्यांनी सिस्टिमच्या मागे आधी भलत्याच भोकात घातली, रेकॉर्ड प्लेयरच्या. असा काही गडगडाट झाला की खालच्या मजल्यावरचे लोक सिलिंडर फुटला म्हणून पायऱ्यांवर आले. मग ती वायर योग्य जागी गेली. मोरीतला माइक पितळी चिमट्याने शॉवरच्या पाइपला अडकवला, त्याच्या डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी, वर रबरबँड. सगळं चालू केलं, आणि स्पीकरमधून आलं ते घूंऽऽ. भुंगा अडकल्यासारखं. एक क्षण थांबेना. मिक्सरचा काटा अर्ध्यावर जाऊन तिथेच थरथरत उभा.

काकांनी मिक्सर उघडला, मिटला, वायरी बदलल्या. घूं काही जाईना. शेवटी त्यांनी मिक्सरच्या प्लगमधली हिरवी वायर, अर्थिंगची, काढून टाकली. खटक्यासरशी शांत. काटा झोपला.

"काका, ती वायर असते कशाला मग?" मी विचारलं. 

"सरकारी माणूस गो तो. असून नसून सारखा."

त्या दिवसापासून मला त्यांच्या घरात पाय ठेवायला भीती वाटायला लागली. पण काका खूश. आंघोळीला जाताना ओरडायचे, "सुमे, लाव!" आत जाऊन विचारायचे, "ऐकू येतंय ना?" स्पीकर असे दणकायचे की माझ्या फडताळातले पेले वाजायचे. बाहेरून काकूंचं उत्तर, "हो हो, येतंय!" मग आतून गाणं, बातम्यांवर टीका, कालच्या मासळीचा भाव. काकूंची आंघोळ असली की मात्र काका स्वतः उठून मिक्सर बंद करायचे आणि प्लगसुद्धा काढून ठेवायचे. "तिचं कोण ऐकणार बाहेर? मी तर बहिरा नाही," असं काहीतरी बोलून हसायचे.

पुढे त्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी बी-ट्वेल्वची इंजेक्शनं दिली. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला काहीही झालं तरी ते बी-ट्वेल्वच असतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

एकदा पोहे द्यायला गेले तर सुमतीकाकू हॉलमध्ये स्टुलावर, पुढ्यात लसूण, हातात सुरी, आणि डोळे समोर मिक्सरवर. मी मध्ये उभी राहिले, तशी त्यांनी मला ओढून बाजूला केलं. "सरक, सरक, हे आत आहेत." काका आतून काही बोलले. काटा उडाला. काकू ओरडल्या, "हो हो, येतंय!"

काका आंघोळ करून दूध आणायला खाली गेल्यावर मी कौतुकाने म्हटलं, "काय छान केलंय ना काकांनी." माझे ओठ त्यांनी वाचले. मग इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "मला काय ऐकू येतंय कप्पाळ! नुसती भुणभुण. शब्द एक कळत नाही. काटा हलला की हो म्हणते झालं."

"मग सांगा ना त्यांना!"

"वेडी आहेस? तो डबा आल्यापासून हे रात्रीचे झोपतात. नाहीतर पडल्यानंतर रोज माझ्या हाताला धरून पडून राहायचे, उघड्या डोळ्यांनी. सांगायचं नाहीस." मग सुरी खाली ठेवली. "पण वैशू, मला फार भीती वाटते गं. काटा नुसता हलला की ते बोलतायत. जोरात जाऊन मग पडून राहिला तर ते पडले. असं ठरवलंय मी मनाशी. पण तेवढ्यात माझी नजर हलली तर? दूध उतू गेलं तर? मला शिंक यायला लागली ना, तर शिंकताना डोळे मिटतात, त्याचीसुद्धा भीती वाटते."

मी कबूल केलं, नाही सांगणार म्हणून.

त्यानंतर एका रविवारी काकूंना बांगडे साफ करू लागले. काका आंघोळीच्या तयारीत, पंचा खांद्यावर, मिक्सर चालू. हात धुवायला मी मोरीत गेले. नळाला हात लावणार, तेवढ्यात काय झालं कुणास ठाऊक, मी हात उलटा केला. मागची बाजू नळाला टेकली आणि सर्रकन झिणझिण्या कोपरापर्यंत आल्या. हात आपोआप झटकला गेला. मी तिथेच उभी.  पायाखाली ओली फरशी होती.

तशीच बाहेर आले आणि काकांना दंडाला धरून गॅलरीत नेलं. "काका, नळाला करंट आहे! तुम्हाला बी-ट्वेल्व नाही, करंट बसतोय रोज!"

ते शांतपणे म्हणाले, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पन्नास वेळा हात लावलाय गो मी करंटला. मला ओळखता येणार नाही?" गॅलरीच्या गजाकडे बघत बोलत होते. "जुना डबा, आतून गळतो जरा. माइकच्या चिमट्यातून पाइपात उतरतो. झिणझिण्याच आहेत."

"मग जोडा ना ती हिरवी वायर!"

"जोडली की घूं येतं. घूं आलं की काटा अर्ध्यावर उभा राहतो, खाली पडतच नाही. मग तिला कसं कळायचं?"

"म्हणजे काट्याचं तुम्हाला कळलंय?"

"ती ऐकत नाही," काका म्हणाले, "ती काट्याकडे बघते. तिला वाटतं मला माहीत नाही. मागे मी आतून मुद्दाम बोललो, 'सुमे, कालची सोलकढी अगदीच पांचट होती.' बाहेरून काय म्हणाली? हो हो, येतंय! लग्न झाल्यापासून हे तिने कधी ऐकून घेतलंय का सांग. तेव्हाच समजलो. पण तुला सांगतो, कोणीतरी बघत बसलंय एवढं कळलं तरी आतमध्ये भिया वाटत नाही. तिला बोलू नको."

दोघांचं गुपित एकच, आणि ते दोघांपासून लपवायचं होतं मी! हसावं की रडावं कळेना. "आणि काकू?" मी म्हटलं. "त्याही त्याच मोरीत आंघोळ करतात."

"तिच्या वेळी मी प्लग काढतो की. एक दिवस चुकलो नाही."

हे बोलता बोलता त्यांनी सहज मागे पाहिलं. ओट्याशी काकू नव्हत्या. बांगड्यांच्या पाण्याची बादली नव्हती. मोरीचं दार अर्धं उघडं होतं आणि मिक्सरचा पिवळा दिवा चालू.

"सुमे!" काका ओरडले. "सुमे, नळाक हात लावू नको! सुमे!"

असा आवाज मी कुठल्या माणसाचा ऐकलेला नाही. तो मोरीतल्या माइकमध्ये गेला आणि स्पीकरमधून दुप्पट होऊन आमच्या अंगावर आला. काटा लाल पट्टीत जाऊन आपटत होता, पण बघणारी आत होती. आणि हा माणूस, ज्याने भरल्या मांडवात चालू लाइनमध्ये हात घातला होता, तो जागच्या जागी उभा राहून एका बहिऱ्या बाईला हाका मारत होता. प्लग काढायचा, हे त्याला सुचलंच नाही. पाय उचलतच नव्हता त्याचा. मी धावले. बटण दाबलं, प्लग उपटला, वायर ओढून लांब फेकली. माझ्यासारखीने!

स्पीकर बंद पडले. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. आम्ही दोघंही दाराकडे बघत होतो, आणि जायची हिंमत दोघांनाही होत नव्हती.

काकू बाहेर आल्या, पदराला हात पुसत. आमचे चेहरे पाहून म्हणाल्या, "काय झालं? असे काय उभे?" मग बोटं चोळली. "मुंग्या आल्या बघ जरा हाताला. मलाही बी-ट्वेल्व झालं वाटतं."

काका खाली बसले. फरशीवर, पंच्यासकट. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. काकू त्यांच्याजवळ वाकून विचारत होत्या, "अहो पडलात का? कुठे लागलं? बोला ना." ते बोलत होते, पण तोंड झाकलेलं, त्यामुळे त्यांना काही कळत नव्हतं.

त्याच दुपारी काकांनी माइक, चिमटा, वायरी सगळं काढलं आणि मिक्सरवर चादर टाकली. मागाहून मला कुणीतरी सांगितलं की माइक पाइपवर न लावता नुसता दोरीला टांगला असता, तर हिरवी वायर ठेवूनही घूं आलं नसतं. असेल. काकांना मी ते सांगितलं नाही. ज्या वस्तूच्या वायरीला काकूंचा हात लागेल अशी कुठलीच वस्तू त्यांना आता घरात चालू नको होती. टेस्टरही खिशातून गेला. बल्ब बदलायला इलेक्ट्रिशियन यायला लागला, आणि काका त्याला मेन पाडायला लावून वर दोनदा विचारायचे, "पाडलास ना?"

आंघोळीचं काय केलं ते मला आठवड्याभराने दिसलं. किल्लीने दार उघडून आत गेले, तर मोरीचं दार सताड उघडं. उंबऱ्यावर स्टूल, स्टुलावर सुमतीकाकू, पाठमोऱ्या. आत काका, पंचा गुंडाळून, तांब्याने अंगावर पाणी घेत बोलत होते. मुद्दाम सावकाश, तोंड काकूंकडे करून. कसल्या तरी नातेवाइकाच्या लग्नातली फजिती सांगत होते. काकूंचा परकर भिजत होता, त्या खळखळून हसत होत्या आणि मध्येच त्यांना दुरुस्त करत होत्या. अवघडून मी मागे सरले. पाय दाराला लागला, भांडं पडलं. काकांनी पाहिलं आणि लाजून भिंतीकडे तोंड केलं. तशी काकू लगेच ओरडल्या, "अहो, इकडे बघा! तोंड दिसू द्या तुमचं!" त्यांनी मागे वळून मात्र पाहिलं नाही. मी होते हे त्यांना कळलंच नाही.

बरेच महिने तसेच गेले. मग एका सकाळी माझ्या दारावर तळव्याचे थापे पडले. बेल न वाजवता. दारात काकू, केस सुटलेले. "हे उठत नाहीयेत," म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा अगदी हळू.

काका कुशीवर होते, काकूंच्या जागेकडे तोंड करून. मी हात लावला आणि मला कळलं. डॉक्टर आले, म्हणाले पहाटे गेले असावेत, झोपेतच, हृदय थांबलं. ते फोन करायला गॅलरीत गेले. खोलीत आम्ही दोघीच राहिलो.

काकू पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. काकांचं तोंड किंचित उघडं होतं. झोपलेल्या माणसाचं असतं तसंच. बराच वेळ बघून त्यांनी मला खुणेने पुढ्यात बसायला सांगितलं, उजेडाकडे तोंड करून.

"वैशू, त्यांनी हाक मारली होती का गं?"

मी ओठ स्पष्ट हलवत म्हटलं, "नाही, काकू."

"तुला काय माहीत?"

आमची दारं-खिडक्या बंद होती, एसी चालू होता. मला काहीही माहीत नव्हतं. "मला ऐकू आलं असतं," मी म्हटलं.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी दुसरीकडे बघितलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. मग वाकून त्यांनी काकांच्या हनुवटीखाली हात घातला आणि उघडं राहिलेलं तोंड हलकेच मिटवलं.